बाजाराच्या दिवशी गाड्या हलवा, बाजार नको

कोकणातल्या कुठल्याही लहान शहरात आठवडा बाजाराचा विषय निघाला की एक सूचना हमखास पुढे येते: हा बाजार गावाबाहेर हलवा. कारणंही ठरलेली असतात. रस्ता अडतो, गाड्या अडकतात, सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची रांग लागते, कचरा होतो, रुग्णवाहिका जाणार कशी? सूचना करणारी माणसं वाईट नसतात. त्यांच्याही घरी त्याच बाजारातला अळू शिजतो. पण ‘बाजार हलवा’ म्हणणारे पैशाला पासरी भेटतात आणि ‘तेवढ्या वेळापुरत्या गाड्या हलवा’ म्हणणारा शोधून सापडत नाही. मला ही दुसरी मागणी करायची आहे, आणि पूर्ण गांभीर्याने करायची आहे. आठवड्यातून एक दिवस, पहाटेपासून दुपारपर्यंत, पेठेचा रस्ता पायी चालणाऱ्यांचा असावा. बाजार आहे तिथेच बसू द्यावा.

सिंधुदुर्गातले बाजार एकमेकांचे वार सांभाळून भरतात. सोमवारी मालवण, मंगळवारी सावंतवाडी आणि कणकवली, बुधवारी कुडाळ, रविवारी वेंगुर्ला. शुक्रवारी पलीकडे गोव्यात म्हापसा, तिथे आपल्याकडची माणसं घ्यायलाही जातात आणि विकायलाही. कांदा-लसूणवाला, मसालेवाला, कपडेवाला, चपलावाला ही मंडळी या चक्रावरच आठवडा काढतात. एका गावाने बाजार उचलून आडबाजूला टाकला की फिरत्या विक्रेत्याचा तो दिवस बुडतो आणि त्याची झळ पुढच्या गावालाही लागते. म्हणून हा प्रश्न एकट्या नगरपरिषदेच्या हद्दीतला समजून चालत नाही.

वेंगुर्ल्याचा रविवार मी मुद्दाम उदाहरणाला घेतो, कारण तिथे सुट्टीची गर्दी आणि बाजाराची गर्दी एकाच सकाळी एकमेकांवर येऊन आदळते. हे गाव व्यापाराला नवखं नाही. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. पुढे आंबोली घाटाची वाट झाल्यावर बेळगावकडचा माल बैलगाड्यांतून उतरून याच बंदरातून बाहेर जायचा. मुरगावला रेल्वे पोचली आणि बंदराचे दिवस फिरले. पण घाटावरून माल उतरण्याची रीत काही मोडली नाही. आजही कांदे, बटाटे, मिरची, लसूण घाट उतरून येतात, फक्त आता टेम्पोतून. आणि तुळस, मठ, आडेली, वेतोरे, होडावडा या आसपासच्या गावांतून बायका भाजीच्या पाट्या घेऊन येतात, पहिल्या एसटीने नाहीतर सहा जणींत ठरवलेल्या रिक्षाने. घाटावरचा टेम्पो आणि गावातली पाटी, या दोहोंच्या मधल्या जागेत बाजार भरतो. त्या जागेत गाडी शिरली की दोघांपैकी कुणाचं नुकसान होतं, हे पाहण्यासारखं आहे.

श्रावणातला रविवार घ्या. पाऊस नुकताच थांबलाय, दुकानांच्या पत्र्यांवरून अजून थेंब गळताहेत. एका बंद दुकानाच्या पायरीखाली एक म्हातारी गोणपाट अंथरून बसली आहे. तिच्या पुढ्यात अळवाच्या जुड्या, केळीच्या सोपटाने बांधलेल्या. शेजारी पाच-सहा दोडकी, दोन चिबूड, एक मोठं तवसं. सागाच्या पानावर मूठभर तिरफळं. आणि पाटीच्या तळाशी, ओल्या फडक्याखाली, रोवणाची, म्हणजे वारुळावरची, अळंबी. ती वर मांडायची नाही, विचारणाऱ्यालाच दाखवायची. सगळा माल खपला तर तिच्या हातात ४००-५०० रुपये येतील. एक तरुण मुलगी तिच्यासमोर वाकते.

“आजये, ह्या अळू खाजता काय?”

“वड्यांक होया तर ह्या काळ्या देठाचा घे. फदफद्याक ता. पण चिंच घालूक इसरू नको गो.”

मुलगी वड्यांचं आणि पातळ भाजीचं, दोन्ही अळू घेते. मग पाटीकडे बोट करून विचारते, फडक्याखाली काय? आणि अळंबीही जाते. हा व्यवहार दीड-दोन मिनिटांचा. पण त्यासाठी थांबावं लागतं, वाकावं लागतं, तोंड उघडून विचारावं लागतं. मागून हॉर्न वाजत असेल तर यातलं काहीच होत नाही. दुचाकीवरून जाणाऱ्याला जमिनीवरची पाटी दिसते, पाटीतलं दिसत नाही.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. गिऱ्हाईक बाजारात कसं हिंडतं, त्यावर विकतं कोण हे ठरतं. गाडीवर बसून बाजार करणारा माणूस पहिल्यांदा जिथे थांबता येईल तिथे थांबतो आणि मिळेल ते घेऊन सुटतो. ती जागा नाक्यावरची असते, आणि नाक्यावर टेम्पो लावायची ऐपत मोठ्या विक्रेत्याची. एका ठिकाणी दहा भाज्या मिळाल्या, पिशवी हँडलला अडकवली, गाडी वळवली. पायी चालणारा मात्र आत शिरतो. वीस पाट्या बघतो, तिसरीला भाव विचारतो, अकराव्या पाटीकडे घेतो, परत येताना आधीच्या एकीकडून लिंबं घेतो. लहान विक्रेतीला गिऱ्हाईक मिळतं ते या आत शिरणाऱ्या पावलांमुळे. रस्ता वाहनांना खुला राहिला की म्हातारी आणखी आडोशाला सरकते आणि टेम्पो आणखी पुढे येतो. कुणी ठरवून केलेलं नसतं, पण दर वर्षी पाट्यांची रांग थोडी आखडत जाते. ‘आता पूर्वीसारखी गावठी भाजी येत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा शेती घटली, माणसं मुंबईला गेली, ही कारणं खरीच असतात. पण ज्या चार बायका अजून पिकवतात त्यांना बसायला आपण कुठली जागा ठेवली, हेही विचारायला हवं.

घाटावरच्या विक्रेत्यांबद्दल माझा आकस नाही. कोकणात कांदा-बटाटा बाहेरूनच येणार, आणि पावसाळ्यात घरोघरी चूल पेटते ती त्यांच्याच मालावर. पहाटे दोनला निघून घाट उतरणाऱ्या माणसाची मेहनत कमी नाही. त्यांना हटवा अशी भाषा अधूनमधून ऐकू येते, ती मला मान्य नाही. पण टेम्पो वीस फूट जागा घेतो आणि पाटी दोन फूट. टेम्पोला मैदानाच्या कडेला नाहीतर पेठेच्या टोकाशी जागा दिली तरी त्याचं गिऱ्हाईक तुटत नाही, कारण पोतंभर कांदा घेणारा त्याला शोधत येतो. पाटीला पेठेच्या पोटातच जागा लागते. दोघांची गरज वेगळी, हे ओळखून जागा आखल्या तर भांडणाचं कारण उरत नाही.

आता गावाबाहेरच्या मैदानाबद्दल. कागदावर मैदान फार नीटनेटकं दिसतं. आखलेले चौकोन, वाहनतळ, एखादी शेड. पण सिंधुदुर्गात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर उघडं मैदान चिखलाचं होतं, आणि नेमके तेच महिने घरच्या भाजीचे. जुन्या पेठेत दोन्ही बाजूंना दुकानांच्या पडव्या आहेत, पत्रे पुढे आलेले आहेत, सर आली की विकणारी आणि घेणारी दोघी एकाच वळचणीला उभ्या राहतात. आपल्या पेठा गाडीसाठी बांधलेल्या नव्हत्याच. अरुंद रस्ता, लागून दुकानं, मधे एखादं देऊळ, टोकाला स्टँड. पायी चालणाऱ्याला याहून सोयीची रचना मी पाहिलेली नाही.

मग एसटी. राज्य सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना एसटीचा प्रवास मोफत केला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट केलं. गावातून पाटी घेऊन येणाऱ्या बाईच्या दृष्टीने हे फार मोठं काम झालं. तिच्या कमाईतून जाणारा प्रवासखर्च निम्म्यावर आला, काहींचा शून्यावर. आता बाजार स्टँडपासून दोन किलोमीटर लांब न्या. डोक्यावर पाटी घेऊन ती तेवढं चालणार, नाहीतर रिक्षाला जाता-येता शंभर रुपये मोजणार. ४०० रुपयांच्या मालावर शंभर रुपये! एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होईल. ती दोन आठवडे येईल, तिसऱ्या आठवड्यात घाऊकवाल्याला अर्ध्या किमतीत माल देऊन मोकळी होईल, नाहीतर दोडकी वेलीवरच जून होतील.

दुकानदारांचाही विचार करू. बाजारकरी दुकानासमोर बसतात, दरवाजा अडतो, ही तक्रार खोटी नाही. दरवाजासमोरची जागा मोकळी सोडायलाच हवी आणि त्यासाठी रंगाने रेघ मारायला फार खर्च येत नाही. पण पाटीवाली बाई माल संपल्यावर लगेच घरी जात नाही. ती औषधं घेते, नातवाची वही घेते, ब्लाउज शिवायला टाकते, अर्धा किलो साखर, साबण, चहापत्ती, आणि वाटेत सुक्या मासळीचा एखादा वाटा. तिला मिळालेले पैसे दुपारच्या एसटीपूर्वी त्याच पेठेत खर्च होतात. बाजाराच्या दिवशीची विक्री इतर दिवसांपेक्षा जास्त की कमी, हे दुकानदारांनी आपल्याच वहीत पाहावं आणि मग बाजार बाहेर घालवायच्या अर्जावर सही करावी.

हे सगळं वर्षातून दोनदा अगदी ठळक दिसतं. एकदा आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर. मे महिन्याच्या शेवटच्या बाजारांत पेठ सुक्या मासळीच्या वासाने भरलेली असते: बोंबील, सुकट, गोलमो, खारे बांगडे, सोडे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे पावसाळ्याची बेगमी आधीच करायची. त्याच बाजारात सोलं, म्हणजे आमसुलं, मिळतात, रातांबे मिळतात, कुळीथ, उकडे तांदूळ, आठळ्या. घरातली जाणती बाई हा बाजार चालत आणि सावकाश करते. बोंबील हातात घेऊन मोडून बघते, सोलं चाखते, दोन ठिकाणी नाक मुरडते. चार महिन्यांचं खाणं हॉर्नच्या आवाजात निवडता येत नाही.

दुसरी वेळ चतुर्थीची. गणपतीच्या आधीचे एक-दोन बाजार माटवीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीच्या, सामानाचे. कवंडळं, कांगलं, हरणं, तेरडा, आंब्याचे टाळे, सुपारीचे घोस, कळलावीची फुलं. यातलं पुष्कळसं कुणी लावत नाही, पिकवत नाही. रानात कुठे काय येतं हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं पहाटे डोंगरात जाऊन ते काढून आणतात, आणि त्यांत भूमिहीन कुटुंबं कमी नसतात. वर्षातून दोन-तीन दिवसांची ही कमाई. शिवाय मुंबईहून आलेल्या मुलांना कांगल कसं दिसतं हे कळण्याची हीच एक जागा. आणि नेमक्या याच दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्यांनी पेठ तुंबते, पोलीस पाट्या मागे ढकलतात, ढकलताना फळं चिरडतात. वाहतूक सुरळीत ठेवायला मनुष्यबळ लागतंच, मग तेच मनुष्यबळ पेठेच्या दोन्ही टोकांना गाड्या थांबवायला उभं केलं तर?

यासाठी कायद्याचा आधार शोधत बसायला नको. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ खाली ठराविक रस्त्यावर, ठराविक वेळी वाहनांना मनाई करता येते. जत्रांना, मिरवणुकांना आपण रस्ते बंद करतोच आणि तेव्हा गावाचा व्यवहार थांबत नाही. पुणे महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवायला सुरुवात केली. लक्ष्मी रस्त्यासारखा रस्ता जर एक दिवस चालणाऱ्यांना देता येतो, तर बारा हजार वस्तीच्या वेंगुर्ल्याची पेठ रविवारच्या सकाळी का देता येऊ नये? आपल्या कोकणातच माथेरान आहे. तिथे गाडी दस्तुरी नाक्याला ठेवून माणसं पुढे चालतात, आणि चालायचं असतं म्हणूनच जातात.

विक्रेत्यांच्या बाजूचा कायदाही आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा केंद्राचा कायदा २०१४ चा. परंपरेने जिथे विकणारे आणि घेणारे जमतात त्या जागेला तो ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतो आणि सर्वेक्षणात तसा आढळलेला बाजार ना-विक्री क्षेत्र म्हणून जाहीर करायला मनाई करतो. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत तर असं आहे की पन्नास वर्षांहून जुने नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. कोकणातल्या किती पेठा या व्याख्येत बसतील याचा विचार करा. या कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांच्यात एक तृतीयांश स्त्रिया. बाजार कुठे बसेल याची चर्चा या बायकांना बाजूला ठेवून करण्याचा अधिकार कायद्याने कुणालाच दिलेला नाही.

पण हाच कायदा आमच्या पाटीवालीच्या अंगाला नीट बसत नाही, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. विक्री प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याने लिहून द्यायचं असतं की मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही. वेतोऱ्याहून येणाऱ्या बाईला वाफाभर शेत आहे, दोन काजूची झाडं आहेत, म्हणून तर तिच्याकडे विकायला काही आहे. तिने खोटं लिहून द्यायचं का? दुसरी गोष्ट, विक्रेत्यांची मर्यादा त्या शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के धरलेली आहे. सुमारे १२ हजार वस्तीवर तो आकडा ३०० च्या आसपास येतो, आणि त्यातच रोजचे हातगाडीवाले, फळवाले, चहावाले धरायचे. आठवडा बाजार मात्र आसपासच्या सगळ्या गावांचा असतो, विकणारेही तिथले आणि घेणारेही. त्याची मोजणी एका शहराच्या डोक्यांवरून करणं चुकीचं आहे. आणि विक्रेत्यांचं सर्वेक्षण जर गुरुवारी झालं तर रविवारी येणारी बाई कागदावर येतच नाही. जी कागदावर नाही तिला उठवताना कुणाला नोटीस द्यावी लागत नाही. राज्याने आठवडा बाजारातल्या शेतकरी विक्रेत्यांसाठी वेगळी, साधी नोंद ठेवावी: नाव, गाव, बसायची जागा, बस्स. दुसऱ्या उत्पन्नाची अट तिथे लागू करू नये.

हे अशक्य नाही, कारण शेतकऱ्याने थेट विकावं हे धोरण राज्याचंच आहे. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. मोठ्या शहरांत मोकळ्या जागा शोधून, मंडप घालून, शेतकऱ्यांना बोलावून बाजार भरवले जातात. चांगलं आहे. पण कोकणात हा बाजार आयता आहे, मंडपाशिवाय, उद्घाटनाशिवाय, कित्येक पिढ्यांचा. एकीकडे नवे बाजार घडवायचे आणि दुसरीकडे चालता बाजार उठवायचा, याला धोरण म्हणता येणार नाही.

रुग्णवाहिकेचा आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानतो, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. पेठेच्या मधोमध बारा फुटांची वाट पांढऱ्या पट्ट्यांनी आखून ती पूर्ण मोकळी ठेवायची. तिथे पाटी नाही, टेम्पो नाही, उभी केलेली दुचाकी नाही. सायरन ऐकून चालणारी माणसं क्षणात बाजूला होतात. समोरासमोर अडकलेल्या दोन मोटारी होत नाहीत. रुग्णवाहिकेची काळजी असणाऱ्याने तर पेठेतून आधी गाड्याच बाहेर काढायला हव्यात. वृद्धांना, अपंगांना दोन्ही टोकांना रिक्षा मिळावी, गरज असेल त्यांची रिक्षा आतही सोडावी. दुकानांचा माल सकाळी सहाच्या आत उतरवून घ्यावा. पेठेत राहणाऱ्यांच्या गाड्यांना पास द्यावा. यातलं काहीच नवलाचं नाही.

कचऱ्याच्या बाबतीत वेंगुर्ल्याला कुणी शिकवायची गरज नाही. कचरा वेगवेगळा करून ओल्यापासून खत आणि गॅस तयार करण्याचं या छोट्या नगरपरिषदेचं काम बघायला बाहेरून माणसं आली आहेत. बाजाराचा कचरा बहुतेक पालापाचोळाच असतो. त्रास होतो तो पिशव्यांचा. २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी असूनही त्या मिळतात, आणि याला विक्रेत्याइतकंच रिकाम्या हाताने बाजारात येणारं गिऱ्हाईकही जबाबदार आहे.

सगळ्यात जास्त संताप मला येतो तो एका गोष्टीचा, जिची चर्चा बाजार हलवण्याच्या बैठकांत होत नाही. पहाटे पाचला घर सोडलेली बाई दुपारी एक-दोनपर्यंत बसते. जवळ स्वच्छ, पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर ती काय करते? पाणी पीत नाही. मे महिन्याच्या उन्हात, सहा-सात तास, मुद्दाम तहानलेली राहते. हे अनेक गावांतलं वास्तव आहे आणि आपण त्याच बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. तिच्याकडून दर बाजाराला पावती फाडली जाते. त्या पावतीच्या पैशातून आधी स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी, मग बाकीचं. दोन फुटांच्या पाटीची पावती तर माफच व्हावी, असं माझं मत आहे. गावाच्या तिजोरीला त्याने भोक पडणार नाही.

पर्यटकांनाही चार शब्द. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, गोवा इथून शनिवार-रविवारी येणाऱ्यांना सागरेश्वरचा किनारा माहीत असतो, माशांची थाळी माहीत असते. सकाळी सातला गाडी लांब लावून, कापडी पिशवी घेऊन पेठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. नाक्यावर खरेदी करू नका, आधी शेवटपर्यंत जा आणि परत येताना घ्या. ज्या पानाची ओळख नाही ते कसं करायचं हे विचारा, सांगणारीला आनंद होतो. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, घेतलात तर भाव करू नका, त्या फुलांमागे अख्ख्या घराची पहाट गेलेली असते. पर्यटनासाठी नवी आकर्षणं उभारायला कोकणात पैसे खर्च होतात. त्यातला थोडासा पैसा दोन वाहनतळांवर आणि एका स्वच्छतागृहावर खर्च झाला तर पेठेचा फायदा होईल आणि पाहुण्यांचाही.

सुरुवात करायला श्रावण ते चतुर्थी हे रविवार पुरेत. ठराव एका ओळीचा लागतो: सकाळी सहा ते दुपारी दोन, पेठेत वाहनबंदी, प्रायोगिक. पहिल्या रविवारी गोंधळ होईल, दुसऱ्या रविवारी तक्रारी येतील, म्हणून प्रयोग मधेच गुंडाळू नये. त्या दिवसांत सकाळी आठ वाजता पाट्या मोजाव्यात, गावं लिहून घ्यावीत, दुकानदारांची विक्री विचारावी, आणि बाजार संपल्यावर बायकांना तिथेच बसवून त्यांचं म्हणणं ऐकावं. बाजार कुठे भरावा याचा निर्णय त्या नोंदी हातात आल्यावर घ्या, आणि विक्रेत्यांच्या सर्वेक्षणाची तारीख मागाल तेव्हा रविवारचीच मागा.